शुष्क प्रदेशांतील वनस्पति-आकृतिबंध व भूचर संधिपाद

शुष्क व निमशुष्क प्रदेशांत झाडोरा जमिनीवर सलग पसरत नाही. तो ठिपक्यांत, पट्ट्यांत, कड्यांत किंवा पुंजक्यांत वाढतो आणि मधली जमीन उघडी राहते. झाडोरा व उघडी जमीन यांच्या या मांडणीला वनस्पति-आकृतिबंध म्हणतात. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, कोळी, विंचू, गोम, वाणी, रातकिडे अशा जमिनीवर किंवा जमिनीलगत राहणाऱ्या संधिपाद प्राण्यांच्या जाती, संख्या आणि वावर या मांडणीप्रमाणे बदलतात. उलट त्यांतलेच काही प्राणी, विशेषतः वाळवी आणि बी साठवणाऱ्या मुंग्या, ही मांडणी घडवतात किंवा मोडतात. जुने लेखन बहुतेक पहिल्या अंगाविषयी आहे. दुसरे अंग अलीकडे पुढे आले आणि वादही मुख्यतः त्याच्याभोवतीच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या वर्गीकरणानुसार, वर्षाचा पाऊस आणि संभाव्य बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जन (जमिनीतून व झाडांतून उडून जाऊ शकणारे पाणी) यांचे गुणोत्तर ०.६५ पेक्षा कमी असलेला प्रदेश शुष्क भूमीत मोडतो. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे ४१ टक्के भाग यात येतो. पुणे जिल्हा या सीमारेषेवरच पसरलेला आहे. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात ७०० मिमी.च्या आसपास पडतो आणि पर्जन्यछायेतील दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांत तो साधारण ५०० मिमी.पर्यंत उतरतो. हा सगळा उतार दोनशे किलोमीटरच्या आत होतो.

आकृतिबंधाची घडण : या विषयाचा आरंभ सामान्यतः १९५० पासून धरतात. त्या वर्षी मॅकफॅडियन या भूवैज्ञानिकाने तत्कालीन ब्रिटिश सोमालीलँडच्या सपाट मैदानांवरील झुडपांच्या कमानदार पट्ट्यांचे हवाई छायाचित्रांवरून वर्णन केले. नायजरमधील नियामे शहराजवळच्या अशाच झाडोऱ्याला फ्रेंच अभ्यासकांनी वाघाच्या पट्ट्यांवरून नाव दिले आणि तेच रूढ झाले. हे पट्टे फार मंद उतारावर, समतल रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) धरून आढळतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाहीत, हे त्यांचा शोध इतका उशिरा लागण्याचे एक कारण असावे.

पट्टा टिकण्याचे कारण पाण्यात आहे. उघड्या जमिनीवर पावसाच्या थेंबांनी कठीण पापुद्रा धरतो, त्यावरून पाणी वाहते आणि खालच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला मुळांनी भुसभुशीत झालेल्या मातीत मुरते. पट्ट्याला स्वतःवर पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी मिळते आणि त्याच्या खालची जमीन कोरडी राहते. जवळ मदत आणि लांब स्पर्धा, या तत्त्वाचे गणित गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांच्या १९५२ मधील आकारनिर्मितीच्या सिद्धांताशी जुळते. क्लाउसमायर यांनी १९९९ मध्ये पाणी आणि वनस्पती या दोनच घटकांच्या समीकरणांतून पट्टे काढून दाखवले. या समीकरणांत प्राण्याला जागा नाही. वरच्या कडेला नवी रोपे आणि खालच्या कडेला मर, यामुळे पट्टे हळूहळू उताराच्या वर सरकतात असे गणित सांगते. जुन्या हेरगिरी उपग्रहांच्या चित्रांशी तुलना करता काही प्रदेशांत असे सरकणे दिसले, तर काहींत दिसले नाही. म्हणून पट्टे सरकतातच असे सरसकट विधान करणे योग्य नव्हे.

भूचर प्राण्यांवरील परिणाम : पहिला परिणाम उष्णतेचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पूर्व पुण्याच्या माळावर हवा ४० अंश सेल्सिअसला असताना उघड्या मुरमाचे तापमान ५० अंशांवर जाते, पण दोन हातांवर असलेल्या तरवडाच्या बुडाशी ते बरेच कमी असते. भर दुपारी अशा झुडपाखालचा पाचोळा हलक्या हाताने बाजूला केला, तर लांडगा कोळी, झुरळांची पिल्ले, एखादे वाणी असे बरेच काही हाती लागते. त्याच वेळी बाहेरच्या उघड्या जमिनीवर लांब पायांच्या मुंग्यांखेरीज सहसा काही चालत नाही. सहारातील चंदेरी मुंगी तर भर दुपारीच, तिला खाणारे सरडे बिळात गेले की, काही मिनिटांपुरती बाहेर पडते. उघडी जागा म्हणजे निर्जीव जागा असे समजणे म्हणूनच चूक आहे. ती वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जातींकडून वापरली जाते.

झुडपाखाली पाचोळा, ओल, वाऱ्याने अडकलेली माती व बी साचते, आणि वाळवंटी परिसंस्थांच्या अभ्यासात या जागेला सुपीकतेचे बेट म्हणतात. कुजके खाणारे आणि त्यांना खाणारे अशा बेटावर गोळा होतात. भुसभुशीत धुळीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्या धरणारी अळी झुडपाच्या सावलीच्या कडेलाच का सापडते, याचे उत्तर पावसाच्या माऱ्यापासून आडोसा आणि मऊ माती यांच्या जोडीत आहे. प्राण्याच्या आकारालाही महत्त्व आहे. कॅस्पारी व वायझर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, लहान मुंगीला पाचोळ्याच्या फटींतून जाणे सोपे पडते, तर मोठ्या मुंगीला लांब पायांनी वरून चालणे परवडते. त्यामुळे एकच गवताचा झुपका मुंगळ्याला अडथळा आणि बारीक मुंगीला रस्ता ठरू शकतो.

मोजणीतील अडचण : झुपक्यात जास्त प्राणी की उघड्यावर, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे पिटफॉल सापळ्यांवर आधारलेली आहेत. जमिनीच्या पातळीला काठ येईल असा पेला पुरायचा, तळाशी टिकवणारे द्रव ओतायचे आणि काही दिवसांनी त्यात पडलेले प्राणी मोजायचे, अशी ही रीत आहे. ती स्वस्त आहे, रात्रंदिवस चालते आणि म्हणून लोकप्रिय आहे. पण पेल्यात पडणारी संख्या ही प्राण्यांच्या दाटीची नव्हे, तर दाटी आणि चाल या दोहोंच्या गुणाकाराची असते. ग्रीनस्लेड यांनी १९६४ मध्येच भू-भुंगेऱ्यांवरून दाखवले होते की सापळ्याभोवतीचे गवत प्राण्याची चाल अडवते आणि पकड घटते. म्हणजे उघड्या जमिनीवरच्या सापळ्यात तीच जात जास्त पडली, तर ती तिथे जास्त आहे असे नाही. ती तिथे विनाअडथळा पळते इतकेच कदाचित खरे असेल. त्याच अभ्यासकाने पुढे मुंग्यांविषयी आणखी एक दोष दाखवला, तो म्हणजे ताज्या खणलेल्या खड्ड्याकडे मुंग्या वळतात आणि पहिल्या दिवसांची पकड फुगते. यावर उपाय म्हणून पेले पुरून काही दिवस झाकून ठेवतात.

आकृतिबंधाच्या अभ्यासात हा दोष अधिकच बोचतो, कारण तुलना नेमकी दाट आणि विरळ अशा दोन जागांचीच असते. पाचोळा चाळणे, ठरावीक चौरसातील माती खणून मोजणे आणि वेगवेगळ्या वेळी नुसते बसून पाहणे, यांची जोड असलेल्या निष्कर्षांना प्रस्तुत नोंदीत अधिक वजन दिले आहे.

परीवलयांचा वाद : नैऋत्य आफ्रिकेत नामिब वाळवंटाच्या कडेला, वर्षाला साधारण १०० मिमी. पावसाच्या पट्ट्यात, गवताळ मैदानावर हजारो गोल उघडी टक्कले आहेत. त्यांचा व्यास साधारण २ ते १२ मीटर असून कडेला उंच गवताची झालर असते. त्यांना परीवलये म्हणतात. विषारी झुडपे, जमिनीतून निघणारे वायू अशी स्पष्टीकरणे पूर्वी दिली गेली, पण ती मागे पडली. २०१३ मध्ये युर्गेन्स यांनी वाळूत राहणाऱ्या सॅमोटर्मिस ॲलोसेरस या वाळवीकडे बोट दाखवले. ही वाळवी गवताची मुळे खाते, टक्कल पडते, बाष्पोत्सर्जन थांबल्याने टकलाखाली पाणी साठून राहते आणि त्या पाण्यावर कडेचे गवत व वाळवी दोन्ही कोरडा काळ काढतात, असे त्यांचे म्हणणे आहे. गेट्झिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते मात्र हे सर्व गवतांच्या पाण्यासाठीच्या आपसांतील स्पर्धेतून घडते आणि वाळवी ही नंतर आलेली पाहुणी आहे. पावसानंतर टकलात उगवलेले गवत मुळे शाबूत असतानाच वाळते, असा पुरावा ते देतात. युर्गेन्स यांच्या बाजूने त्यालाही उत्तर आले आहे.

२०१७ मध्ये टार्निटा व सहकाऱ्यांनी दोन्ही प्रक्रिया एकत्र मांडल्या. वाळवीच्या वसाहती एकमेकींशी भांडून सारख्या अंतरावर राहतात, त्यातून मोठ्या वलयांची रचना होते, आणि वलयांच्या मधल्या गवतातील बारीक झुपक्यांची रचना पाण्याच्या स्पर्धेतून होते. एका मैदानावर दोन मापांचे आकृतिबंध असतात हे निरीक्षण केवळ पाण्याच्या किंवा केवळ वाळवीच्या सिद्धांताला सहज पेलत नाही, म्हणून ही जोडमांडणी तूर्त अधिक समाधानकारक वाटते. ऑस्ट्रेलियातील न्यूमन गावाजवळच्या वलयांविषयीही असाच वाद आहे. तेथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील मूळ रहिवासी मार्टू लोकांच्या माहितीला आधार मानले गेले. त्यांच्या भाषेत या कठीण जागांना लिंयजी म्हणतात, त्या वाळवीच्या असल्याचे ते सांगतात आणि पूर्वी त्या जागांवर बी मळले जाई.

वाळवीची कामगिरी टकलापुरती नाही. केनियाच्या सवानात ओडोंटोटर्मिस या वाळवीची वारुळे सारख्या अंतरावर असतात आणि वारुळाजवळ झाडे अधिक जोमदार व कीटक आणि पाली अधिक संख्येने सापडतात, असे २०१० मध्ये दाखवले गेले. बुर्किना फासोमधील शेतकरी कठीण जमिनीत झाई नावाचे खड्डे घेऊन त्यांत शेणखत घालतात. त्यावर वाळवी येते, पापुद्रा पोखरते आणि पाणी मुरू लागते.

पुण्याचा परिसर : पुणे परिसरातील मुंग्यांची माहिती तशी जुनी आहे. वन अधिकारी राउटन यांनी येथे गोळा केलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडचे फोरेल यांच्याकडे वर्णनासाठी गेल्या आणि राउटन यांचा मुंग्यांवरील लेख १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. अशा संग्रहांत गावाचे नाव मिळते, पण मुंगी झुपक्याखालची होती की उघड्यावरची, हे बहुधा कळत नाही.

येथील माळरानावर आफ्रिकेसारखे आखीव पट्टे नाहीत. मातीचा पातळ थर, मधेच डोके काढणारा खडक, चराई आणि वणवा यांनी कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचे आणि बोर, हेकळ, हिवर, तरवड यांचे ठिगळ-ठिगळ झालेले असते. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य सुमारे ५ चौ.किमी.चे असून ते १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी राखले गेले. अशा माळांवर पावसाळा सरल्यावर बी साठवणाऱ्या मुंग्यांची वारुळे ओळखणे सोपे जाते. तोंडाभोवती गवताच्या बियांच्या कोंड्याचे फिकट कडे पडलेले असते आणि त्या कड्याच्या आत सहसा काडी उगवलेली नसते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर वाळवीचे पंखवाले बाहेर पडतात तेव्हाच लाल मखमली मृगाचे किडेही जमिनीवर येतात. वाळवी हे त्यांचे एक भक्ष्य आहे. एरवी वर्षभर ते मातीत असल्याने हिवाळ्यात लावलेल्या सापळ्यांत त्यांची नोंद होत नाही.

जिल्ह्यातील सर्वांत नियमित आकृतिबंध माणसाने केलेला आहे. पाणलोटाच्या कामात टेकड्यांच्या उतारावर सलग समतल चर खणतात, बहुधा दोन फूट रुंद व फूटभर खोल, आणि चराच्या बांधावर रोपे लावतात. काही वर्षांत उघड्या उतारावर समतल रेषांना धरून हिरवे पट्टे दिसू लागतात. पाणी अडवण्याची क्रिया येथेही वाघपट्ट्यांसारखीच असते, फरक इतकाच की येथे पट्टा सरकत नाही आणि मधली जमीन बहुधा गवताची असते, उघडी नव्हे. पुणे शहराच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड झाली तिथे तर ठिगळे जाऊन सलग सावली व पाचोळा आला. सावलीतील वाणी, गोम, झुरळे यांना ते सोयीचे असते, पण उन्हात चालणाऱ्या मुंग्या, उघड्या मुरमावरचे कोळी व भुंगेरे यांची जागा त्याने आक्रसते, असे मानण्यास वर सांगितलेल्या तत्त्वांचा आधार आहे. वेड्या बाभळीने व्यापलेल्या माळालाही हेच लागू पडते, मात्र तिच्या काटेरी जाळीत चराई थांबत असल्याने दोन कारणांचे परिणाम वेगळे काढणे अवघड जाते.