मेंढ्याचा उतारा, आणि मेंढ्यावरून टाकलेला

२०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. ती अजूनही अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि खाली कुणीतरी हटकून विचारतं, "मटण किती निघंल हो याचं?" ती मागणी त्याच्या बाकदार नाकाला आणि पैदाशीला होती, मटणाला नव्हे. पण प्रश्न झकास आहे.

मराठवाड्यात उतारा म्हटलं की साखर कारखाना आठवतो, उसातून किती टक्के साखर निघाली ते. मटणाचंही तसंच. मुंडी, पाय, कातडं, पोट-आतडी काढल्यावर जे हाडासकट धड टांगलं जातं, ते जिवंत वजनाच्या किती टक्के? मेंढीत साधारण ४० ते ५०. जात, वय, नर-मादी, अंगावरची लोकर, चरबी या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण खरा खेळ करतं ते कोठीपोट.

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला हा सगळ्यात मोठा. खाटीक जी वजडी विकतो ती मुख्यतः याचीच. इथं जिवाणू कडब्यातला सेल्युलोज आंबवतात. या टाकीतून पुढं जायचं दार अरुंद आणि त्याची अट कडक: रवंथ करून घास एक-दीड मिलिमीटरच्या आसपास बारीक व्हायला हवा आणि भिजून जड होऊन तळाशी बसायला हवा. पेंड, मक्याचा भरडा लवकर आंबून पुढं सरकतो. वाळका कडबा मात्र दीड-दोन दिवस मुक्काम ठोकतो, त्यावर नवा घास येऊन पडतो, वर पाणी. एप्रिलमध्ये बालाघाटाच्या माळावर कुसळी गवत खाऊन परतणारी मेंढी पोटानं डेरेदार आणि पाठीनं खडखडीत दिसते ती यामुळंच.

दूधपित्या कोकराचं गणित उलटं. त्याच्या अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ असते. चोखताना तिच्या कडा मिटून नळी तयार होते आणि दूध कोठीपोट चुकवून थेट चौथ्या कप्प्याकडं जातं. कोठीपोट तोवर चिमुकलं. चारा तोंडाला लागला की जिवाणू ब्युटिरिक आम्ल बनवू लागतात, आतल्या भिंतीतल्या पेशी ते आम्ल इंधनासारखं वापरतात, आणि भिंतीवर अंकुर फुटतात. वजडी धुताना टॉवेलसारखं खरखरीत लागतं ना, तेच हे. अंकुर वाढतात, पिशवी ताणते आणि शेकडा हिशेबात कोकराचा उतारा घसरायला लागतो.

आता आकडे मांडू. समजा, मेंढा ३० किलोचा, टांगलेलं धड १३ किलो. उतारा ४३ टक्के. तोच मेंढा रात्रभर उपाशी ठेवला, लेंड्या-मूत टाकून २७ किलोवर आला, तर उतारा ४८! मटण गुंजभरही वाढलेलं नाही. 'आमच्या जातीचा उतारा साठ टक्के' अशी जाहिरात दिसली तर एवढंच विचारा, की वजन भरल्या पोटी केलं की रिकाम्या, आणि धडात मुंडी-पाय धरलेत का. मीठ चारून वर पोटभर पाणी पाजून काट्यावर चढवलेला मेंढा घेणारा तर पाण्यालाच मटणाचा भाव देतो.

चरबीनंही टक्का चढतो. केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांनी १९३२ साली मेंढ्यांवरच्या अभ्यासात दाखवलं, की वाढीत आधी हाडाचा जोर, मग मांसाचा, शेवटी चरबीचा. म्हणून वय उलटलेल्या जनावराला खुराक चारून उतारा वाढतो खरा, पण वाढते ती बहुतेक चरबी.

खुराकावरून दुसरा उतारा आठवला, लिंबू-नारळाचा. वाड्यातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू रात्रीतून मरतं, लोक म्हणतात दृष्ट लागली. मरतं ते गुबगुबीतच, हे निरीक्षण अगदी बरोबर! खुराक किंवा पहिल्या पावसाचं कोवळं गवत अचानक भरपूर मिळालं की न पचलेला स्टार्च, साखर लहान आतड्यात उतरते. तिथं आधीच राहणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू त्यावर माजतो आणि विष सोडतो. रोगाचं नाव आंत्रविषार. हावरं, जोमदार कोकरू जास्त खातं, म्हणून आधी तेच जातं. पावसाळ्याआधी लस टोचता येते. लिंबू सरबताला ठेवावं.

मुरलेला खाटीक काट्याकडं बघण्याआधी मेंढ्याच्या शेवटच्या फासळीमागं पाठीवर हात ठेवतो आणि मणक्याची टोकं बोटांनी चाचपतो. टोचली तर रोड, दाबून शोधावी लागली तर भरलेला. पशुवैद्यक हीच तपासणी करून १ ते ५ गुण देतात. पोटात कडबा असो की पाणी, तिथं ते पोचत नाही.