बायोलॉजीत पीएचडी म्हणजे बापाचा खिसा रिकामा? नाही भो!

जळगाव-धुळ्याकडे बीएस्सी झालेल्या पोरापोरींना हमखास ऐकवतात की बायोलॉजीत पीएचडी म्हणजे बापानं केळीची बाग विकायची आन पोरानं तिशीपर्यंत घरचं खायचं. असं नाहीये भो. सीएसआयआर नेट या देशपातळीवरच्या परीक्षेत लाइफ सायन्सेसमध्ये जेआरएफ (म्हणजे संशोधनासाठीची ज्युनियर फेलोशिप) निघाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (तिचाच वरचा, सिनियर टप्पा) झालं की ४२,०००, वरून घरभाडं वेगळं, असं पाच वर्षांपर्यंत. (पैसे कधीकधी उशिरा येतात, ते मात्र खरंय.)

गोम वेगळीच आहे. नुसतं नेट पास होणं म्हणजे जेआरएफ नाही, आणि जेआरएफ नसली की पैसा गाइडच्या प्रोजेक्टवर नाहीतर दुसऱ्या एखाद्या फेलोशिपवर अवलंबून, बहुतेकांची फसगत इथंच होते, म्हणून अॅडमिशन घ्यायच्या आधीच स्टायपेंड कुठून येणार ते स्पष्ट विचारा, लाजायचं काय त्यात.

एमएस्सीशिवाय पीएचडी नाहीच हेही अर्धवट. बंगलोरच्या आयआयएससीत, पुण्याच्या आयसरमध्ये बीएस्सीवरच इंटिग्रेटेड पीएचडीला (एमएस्सी-पीएचडी एकत्रच) घेतात. आणि एमएस्सीच करायची तर जळगावच्या विद्यापीठात लाइफ सायन्सेस आहेच, शेवटच्या वर्षाला असतानाच नेटचा फॉर्म भरता येतो.