एका केसमध्ये न दिसणारा भेदभाव

एखाद्या खटल्यात वंशभेद झाला हे सिद्ध करणं फार अवघड असतं, कारण कोर्टात कोणी तसं बोलून दाखवत नाही आणि बऱ्याचदा करणाऱ्यालाही ते कळलेलं नसतं. मग पकडायचं कसं? अमेरिकेत डेव्हिड बाल्डस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांना घेऊन जॉर्जिया राज्यातल्या १९७० च्या दशकातल्या खुनाच्या २,००० हून जास्त केसेस तपासल्या. मेलेला माणूस गोरा असेल तर ११% केसेसमध्ये मृत्युदंड, काळा असेल तर फक्त १%.

आता कोणीही म्हणेल की गुन्हेच वेगळे असतील, कुठे दरोडा तर कुठे दारूच्या नशेतलं भांडण. रास्त शंका आहे. म्हणून त्यांनी आरोपीचं जुनं रेकॉर्ड, खून कसा झाला वगैरे वंशाशी संबंध नसलेले ३९ घटक हिशोबात धरले, तरीही गोऱ्याचा खून केला असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट निघालीच.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अतिशय क्रूर खुनांत वंशाने फारसा फरक पडत नव्हता, तिथे मृत्युदंड व्हायचाच, फरक पडत होता तो मधल्या केसेसमध्ये, जिथे निर्णय इकडे किंवा तिकडे कुठेही जाऊ शकतो आणि सगळं माणसाच्या मनावर असतं. आणि हे ज्युरीच्याही आधी सुरू होतं. आरोपी काळा आणि मेलेला गोरा असेल तर सरकारी वकिलांनी ७०% केसेसमध्ये मृत्युदंड मागितला होता, दोघंही काळे असतील तर १५%.

जॉर्जियातल्याच अटलांटा शहरात १९७८ मध्ये दरोड्याच्या वेळी एका गोऱ्या पोलिसाचा खून झाला, त्यात मृत्युदंड झालेल्या वॉरन मॅक्लेस्की या काळ्या माणसाच्या वकिलांनी हेच आकडे सुप्रीम कोर्टात मांडले. १९८७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते हरले. कोर्टाने आकडे बरोबर आहेत असं धरूनच निकाल दिला, पण म्हणालं की तुमच्याच केसमध्ये कोणी मुद्दाम भेदभाव केला ते दाखवा. जी गोष्ट शेकडो केसेस एकत्र ठेवल्यावरच दिसते, तिचा पुरावा एकाच केसमध्ये मागायचा, हा मला उघड अन्याय वाटतो. १९९१ मध्ये मॅक्लेस्कीला इलेक्ट्रिक चेअरवर मृत्युदंड दिला गेला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल निवृत्त झाल्यावर म्हणाले की आता या केसमध्ये मी माझं मत बदलेन. ते एक मत फिरलं असतं तर निकालच उलटा लागला असता. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदाच केला, आता तिथे आरोपीला आकडेवारी मांडता येते आणि कोणाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावं लागत नाही.