रेक्झिन की पीयू लेदर? वरून सारखंच, पाठ उलटून बघा

सोफ्याच्या दुकानात विक्रेता ज्याला ‘पीयू लेदर’ म्हणतो, त्यालाच खुर्च्या शिवणारा कारागीर ‘रेक्झिन’ म्हणतो. ऑनलाइन जाहिरातीत ते ‘लेदरेट’ किंवा अलीकडे ‘व्हीगन लेदर’ होतं आणि आयातीच्या इन्व्हॉइसवर नुसतंच ‘सिंथेटिक लेदर’. यातल्या कुठल्याच नावावरून हातात काय पडणार ते कळत नाही. बाजारात प्रामुख्याने दोन प्रकारचा माल फिरतो: कापडावर पीव्हीसीचा थर चढवलेला आणि कापडावर पॉलीयुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर चढवलेला. दोन्हींवर कातड्यासारखा दाणा उठवलेला असतो, दोन्ही मीटरवर विकले जातात आणि खरं चामडं दोन्हींत औषधालासुद्धा नसतं. पण दोन्ही खराब होतात ते अगदी वेगवेगळ्या कारणांनी. कस्टम्सचा रस तर तिसऱ्याच गोष्टीत असतो.

आधी पीव्हीसी. हे प्लास्टिक मुळात कडक. घरातले सांडपाण्याचे पाइप त्याचेच असतात. त्याला मऊ करायला तेलकट प्लॅस्टिसायझर मिसळून पेस्ट करतात, ती पसरून भट्टीतून काढतात आणि कापडाला चिकटवतात. पेस्टमध्ये फुगवणारं रसायन घातलं की थर जाड आणि गुबगुबीत होतो. बाजारातलं ‘फोम लेदर’ बहुधा हेच. रिक्षाचं हूड, स्कूटरची सीट, दवाखान्यातलं तपासणीचं टेबल, जिममधला बाक ही पीव्हीसीची हक्काची जागा. पाणी आत शिरत नाही, फडक्याने पुसलं की स्वच्छ, घासाघासीला दाद देत नाही आणि स्वस्त.

गोम त्या प्लॅस्टिसायझरमध्येच आहे. तो पीव्हीसीशी रासायनिक रीतीने बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. उन्हाने, उष्णतेने, तेलाने तो हळूहळू बाहेर पडतो. जुन्या आरामखुर्चीत डोकं टेकतो ती जागा बघा: बाकी खुर्ची ठीक आणि नेमकी तिथेच रेक्झिन ताठरलेली. केसांच्या तेलाची ती करामत. आधी पृष्ठभाग कडक होतो, मग जिथे घडी पडते तिथे तडा जातो. उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटचंही तेच होतं.

पीयूला प्लॅस्टिसायझर लागत नाही, मऊपणा त्याच्या रेणूच्या रचनेतच असतो. म्हणून तो पातळ थरातही लवचीक राहतो, वजनाला हलका, हाताला उबदार. बूट, पर्स, जॅकेट, बऱ्यापैकी सोफे यांत तो जातो. चांगला माल ओल्या पद्धतीने करतात: पीयू डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकात विरघळवून कापडाला लावायचा आणि कापड पाण्याच्या टाकीतून न्यायचं. द्रावक पाण्यात निघून जातो आणि मागे बारीक छिद्रांचा थर उरतो. या छिद्रांमुळे थोडीफार वाफ बाहेर पडते. पीव्हीसीच्या बुटात पाय जसा उकडतो तसा यात उकडत नाही.

मग पीयूच घ्यावा? मुंबई-कोकणात राहणाऱ्याने जरा थांबावं. स्वस्त पीयू बहुतेक पॉलिएस्टर जातीचा असतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या तोडतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. परिणाम सगळ्यांच्या ओळखीचा आहे: सोफ्याचे पोपडे सुटतात, काळी भुकटी कपड्यांना लागते आणि खालचं पांढरं कापड उघडं पडतं. वापर कमी असला तरी हे थांबत नाही. लग्नासाठी घेतलेला आणि नंतर कपाटात जपून ठेवलेला बूट दोन-चार पावसाळ्यांनी काढावा, तर हातातच सोलून येतो. पॉलीकार्बोनेट जातीचा पीयू यापेक्षा पुष्कळ टिकतो, अर्थात महागही पडतो. उत्पादक 70 अंश सेल्सियस आणि 95 टक्के आर्द्रतेत तुकडा काही आठवडे ठेवून परीक्षा घेतात. धंद्यात तिला ‘जंगल टेस्ट’ म्हणतात. घाऊक खरेदी करणाऱ्याने दर विचारण्याआधी ती किती आठवड्यांची झाली हे विचारावं. माझं स्वतःचं मत असं, की दमट गावात रोजच्या बैठकीच्या सोफ्याला स्वस्त पीयूपेक्षा जाड पीव्हीसी बरी. दिसायला थोडी डावी, पण पोपडे सुटत नाहीत.

ओळखायचं कसं? तांब्याची तार ज्योतीत लाल करा, मालाच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे मोकळ्या हवेत करा, तो धूर घशाला लागतो.

आता कस्टम्स. इथे नवखा आयातदार हमखास चकतो, कारण त्याला वाटतं पीव्हीसी की पीयू एवढं सांगितलं की काम झालं. ते झालं पुढचं. अधिकारी आधी माल उलटा करून पाठ बघतो. पाठीला विणलेलं किंवा निटेड कापड असेल, तर साधारणपणे माल 5903 मध्ये जातो (हे कस्टम्सच्या यादीतले मालाचे कोड, पहिले दोन आकडे म्हणजे यादीतलं प्रकरण): पीव्हीसी 5903 10, पीयू 5903 20, बाकी प्लास्टिक 5903 90. पाठीला न विणलेलं, तंतू एकमेकांत गुंतवून केलेलं नॉनवोव्हन असेल, तर 5903 चा संबंधच तुटतो आणि 5603 समोर येतो. महागड्या बुटांचं मायक्रोफायबर लेदर बरेचदा असंच असतं, आणि आयातदार ‘पीयू लेदर’ म्हणून सवयीने 5903 20 लिहून मोकळा होतो. पाठीला कापडच नसेल तर ती सरळ प्लास्टिकची शीट, प्रकरण 39.

खरी डोकेदुखी फोमची. प्रकरण 59 ची टीप 2 म्हणते, की फुगीर प्लास्टिकच्या शीटला कापड केवळ मजबुतीसाठी जोडलेलं असेल, तर ते कापड धरायचंच नाही. माल प्रकरण 39 मध्ये, म्हणजे पीव्हीसी फोम 3921 12 आणि पीयू फोम 3921 13. पण ‘केवळ मजबुतीसाठी’ कोणी ठरवायचं? यासाठीचा दंडक असा: एका बाजूला लावलेलं, साधं, कोरं किंवा एकरंगी कापड असेल तर ते मजबुतीसाठी. छापील असेल, नक्षीचं असेल किंवा घासून लव उठवलेलं असेल, तर कापडाला स्वतःचं काम आहे असं मानतात आणि माल 5903 मध्ये राहतो. म्हणजे एकाच कारखान्यातल्या, वरून हुबेहूब सारख्या दोन रोलांचे कोड फक्त पाठीच्या लवीमुळे बदलू शकतात.

त्याच टिपेत आणखी एक गमतीची चाचणी आहे. 15 ते 30 अंश सेल्सियस तापमानात माल 7 मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती हाताने वाकवायचा; तडकला तर तो 5903 चा नाही. लेप नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे हीही अट आहेच. न्हावाशेवाला संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत जातो, कंटेनर अडकतो आणि भाड्याचा मीटर चालू राहतो. मोठी ऑर्डर असेल तर माल बोटीत चढण्याआधीच कोड कुठला लागेल हे आधीच ठरवून देणाऱ्या मुंबईच्या कस्टम्स अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज केलेला परवडतो. इन्व्हॉइसवर तर किमान पाठीच्या कापडाची विण, थराचं प्लास्टिक, फोम आहे की भरीव आणि जाडी एवढं लिहून घ्यावंच.

या सगळ्यात बॉन्डेड लेदर हा तिसरा पाहुणा. चामड्याचा चुरा आणि तंतू चिकटवून केलेल्या तक्त्यांचा कोड 4115, म्हणजे खऱ्या चामड्याचंच प्रकरण. त्याची हँडबॅग केली तर ती चामड्याच्या बॅगेच्याच ओळीत, 4202 21 मध्ये बसते, तर पीयूची हँडबॅग 4202 22 मध्ये. पण त्याच बॉन्डेड लेदरचा बूट शिवला की नियम फिरतो. प्रकरण 64 च्या व्याख्येतल्या चामड्यात 4115 येतच नाही, त्यामुळे तो बूट चामडी बुटांच्या 6403 मध्ये न जाता 6405 10 मध्ये जातो. पीयूचा बूट मात्र, तळही रबर किंवा प्लास्टिकचा असेल तर, निमूटपणे 6402 मध्ये.