ट्रायल्स मोटारसायकलची घरगुती देखभाल

ट्रायल्स या खेळासाठी बनवलेली मोटारसायकल तिचा चालक घराच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी चालती ठेवतो, त्या कामाचा हा परिचय. ट्रायल्स म्हणजे वेगाशी काडीचाही संबंध नसलेला मोटारसायकलचा खेळ. ओढ्यातले गोटे, ओली मुळे, उभे कातळ अशा आखून दिलेल्या छोट्या टप्प्यांतून, म्हणजे 'सेक्शन'मधून, पाय न टेकवता गाडी बाहेर काढायची असते. पाय एकदा टेकला की १ दंडगुण, दोनदा टेकला की २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३. टप्पा पुरा करता आला नाही तर ५. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम परिसरात दर मे महिन्यात भरणाऱ्या 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल'ची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते. जागतिक अजिंक्यपद १९७५ मध्ये सुरू झाले आणि २००७ पासून त्यावर स्पेनच्या तोनी बोऊचे वर्चस्व आहे.

गाडी खेळाला साजेशीच विचित्र असते. बसायला सीट जवळजवळ नाही, कारण चालक सगळा वेळ उभाच असतो. वजन साधारण ६५ ते ७५ किलो, टाकी दोन-अडीच लिटरची, इंजिन बहुतेक वेळा २५० ते ३०० सीसीचे टू-स्ट्रोक. माँतेसा, गॅसगॅस व टीआरआरएस या स्पेनच्या आणि बीटा ही इटलीची, हे ठळक कारखाने. विक्रेते मोजके आणि दूरदूर, त्यामुळे ब्रिटन-स्पेनमध्ये रविवारी क्लबच्या स्पर्धेत उतरणारा हौशी चालक आठवडाभर आपल्या गाडीचा मेस्त्रीही असतो. रस्त्यावरच्या गाडीचा हिशेब किलोमीटरमध्ये होतो, हिचा तासांमध्ये. दिवसभर चालूनही ती फार लांब जात नाही, पण त्या वेळात कित्येकदा पाण्यात बुडते, दगडावर आपटते आणि आडवी पडते. झिजेपेक्षा पाण्याने आणि पडण्यानेच ती जास्त खराब होते, म्हणून घरगुती देखभालीचा मोठा भाग पाण्याचा माग काढण्यात जातो.

त्याची सुरुवात धुण्यापासून होते, आणि बरेच नुकसानही तिथेच होते. जोरदार फवाऱ्याचा पंप चिखल झटक्यात काढतो खरा, पण तेच पाणी बेअरिंगच्या सीलमागे, विजेच्या जोडांमध्ये आणि एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाला लागणारी हवा गाळणाऱ्या डब्यात, घुसवतो. साधी नळी, ब्रश आणि थोडा धीर पुरेसा असतो. धुण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावतात. एअरबॉक्स मागच्या मडगार्डाखाली, नेमका चाकाच्या चिखलाच्या वाटेत असतो. त्यातला फोमचा फिल्टर दर स्पर्धेनंतर काढून बघावा. तो रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुतात, दाबून पिळतात (पिरगाळला की फाटतो), पूर्ण वाळवतात आणि फिल्टरचे तेल चोळून बसवतात. बसवताना कडेला ग्रीसची रेघ द्यावी, म्हणजे धूळ बाजूने चोरवाट काढत नाही. न गाळलेली वाळू इंजिनात गेली की पिस्टन आणि सिलिंडर यांचे काय होते, हे ज्याने एकदा पाहिले तो पुन्हा फिल्टर टाळत नाही.

पाण्याचा दुसरा बळी म्हणजे मागच्या सस्पेन्शनची जोडणी. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) आणि शॉकअप यांच्यामधल्या लहान सांध्यांत सुईसारख्या बारीक रोलरची बेअरिंगे असतात आणि ती गाडीच्या अगदी पोटाशी, ओढ्याच्या पातळीवर असतात. नव्या गाडीतही त्यांत ग्रीस बेताचेच भरलेले आढळते, म्हणून अनुभवी लोक नवीकोरी गाडी घरी आणताच पहिल्या दिवशी ती उघडतात. शेजाऱ्यांना हा वेडेपणा वाटतो, पण गंजून एकजीव झालेला बोल्ट हातोड्याने ठोकून काढायची वेळ येण्यापेक्षा तो बरा. मागचे चाक जमिनीवरून उचलून स्विंगआर्म हाताने वरखाली हलवावा. 'कट्' असा आवाज आला किंवा ढिलेपणा जाणवला, तर बेअरिंग किंवा बुश गेलेले आहे. नवे बेअरिंग ठोकून न बसवता लांब बोल्ट, नट आणि योग्य मापाच्या सॉकेटने ओढून बसवतात. वर्षातून दोनदा सगळे उघडून पाण्याला दाद न देणारे ग्रीस भरले, तर ही बेअरिंगे बरीच वर्षे टिकतात.

टायरचे गणित नवख्याला चकित करते. साध्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात तीसेक पाउंड हवा असते. इथे मागे चार-पाच पाउंड आणि पुढे पाच-सहा. एवढ्या कमी हवेमुळे टायर दगडाला चिकटून पकड घेतो. अर्ध्या पाउंडाचा फरकही पायाखाली कळतो आणि पेट्रोलपंपावरचा मापक इतक्या खाली भरवशाचा नसतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावा लागतो. पुढचा टायर सहसा २१ इंची आणि ट्यूबचा, मागचा १८ इंची आणि ट्यूबलेस. मागच्या रिमच्या आरा हवेच्या पोकळीत घुसू नयेत, म्हणून काही रिमांत त्या वेगळ्या उंचवट्यात अडकवलेल्या असतात. जुन्या घडणीत आत रबरी पट्टा बसवून आऱ्यांची भोके बंद केलेली असतात. हवा सारखी उतरत असेल तर टायरला दोष देण्याआधी हा पट्टा तपासावा. नवा टायर रिमवर बसेना, तर साबणाचे पाणी लावतात, टायरभोवती पट्टा आवळतात आणि कॉम्प्रेसरने एकदम हवा सोडतात. दोन्ही कडा जागेवर गेल्या की मोठे आवाज होतात. तोवर बोटे दूर ठेवावीत.

क्लच हा या खेळाचा आत्मा. चालक एका बोटाने तो क्षणोक्षणी सोडत-धरत असतो, म्हणून क्लच ज्यात फिरतो ते गिअरबॉक्सचे तेल थोडेच असले तरी वारंवार बदलतात. क्लच चिकटतो, पहिला गिअर टाकताच गाडी उडी मारते, ही सार्वत्रिक तक्रार. काही आधुनिक इंजिनांत प्लेटवरच्या घर्षण-तुकड्यांभोवती जादा डिंक राहिलेला असतो आणि तोच प्लेटा चिकटवून धरतो; प्लेटा काढून तो हलक्या हाताने खरवडला की क्लच सुटा चालतो. मोठी चूक मात्र हँडलवरच्या छोट्या टाकीत होते, जिच्यातल्या तेलाच्या दाबाने क्लच सुटतो. काही क्लचमध्ये ब्रेकचे डॉट ४ तेल चालते, काहींना खनिज तेलच लागते. एकात दुसरे ओतले तर रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा बदलावी लागते. झाकणावर काय लिहिले आहे ते चिखल पुसून वाचावे. बाटली हाताशी आहे एवढ्यावर ती ओतू नये.

मागच्या ब्रेकमधील एअर वरून पेडल दाबून काढताना लोक हैराण होतात. त्यापेक्षा खालून, कॅलिपरच्या निपलला इंजेक्शनची मोठी सिरिंज जोडून तेल वर ढकलले की बुडबुडे आपसूक वर निघून जातात. पेडलला किंचित मोकळी चाल ठेवावी लागते. ती नसली तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल तापते आणि ब्रेक स्वतःच लागून राहतो. चेनला तेल मारताना डिस्क झाकावी. तेल पडलेले पॅड घासून सुधारतात असे म्हणतात. माझ्या मते ते फेकावेत.

ट्रायल्समध्ये थ्रॉटल पावपेक्षा जास्त क्वचितच उघडतो, त्यामुळे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या लहान भोकावर, म्हणजे पायलट जेटवर सगळी मदार. महिनाभर पेट्रोल तसेच राहिले की पहिल्यांदा तेच बंद होते. ते हवेने साफ करावे. टाचणीने कोरले तर भोक मोठे होते. नव्या इंजिनांना पेट्रोलमध्ये ७० ते १०० भागांस एक भाग तेल पुरते, म्हणजे ५ लिटरला ५० ते ७० मिलिलिटर. कारखान्याची पुस्तिका जे सांगेल ते अंतिम. मंद चालीत न जळलेले तेल सायलेन्सरच्या मधल्या डब्यात साठते आणि गाडी दम कोंडल्यासारखी चालते. लोखंडी डबा कॉस्टिक सोड्याने साफ होतो, अॅल्युमिनियमचा मात्र त्याच सोड्यात विरघळू लागतो.

इंजिनातले काही बिघाड न उघडता ओळखता येतात. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर बहुधा पाण्याच्या पंपाचे सील गेले आहे. धूर अचानक दाट झाला आणि गिअरचे तेल कमी होऊ लागले तर क्रँकचे क्लचच्या बाजूचे ऑइल सील गेले असावे. थ्रॉटल सोडूनही इंजिन चढ्या आवाजात धावत राहिले, तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी. हे दुखणे अंगावर काढले की पिस्टन जातो. रेडिएटरमागचा पंखा चिखलाने अडकला तर पाणी उकळते, कारण एवढ्या मंद गाडीला वाऱ्याचा आधार नसतो.

पडण्याची तयारी आधीच करतात. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प पूर्ण आवळत नाहीत. पडताना लिव्हर फिरला की मोडत नाही. पोटाखालचा अॅल्युमिनियमचा जाड पत्रा दगडांवर आपटून आत दबतो आणि इंजिनाला टेकू लागतो. तो काढून लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ करतात. मनगटाला बांधायच्या दोरीचे चुंबकी किल-स्विच, म्हणजे चालक पडताच इंजिन बंद करणारे बटण, दर वेळी ओढून पाहावे.

या खेळाचा भारताशी एक खरा धागा आहे. जॉनी ब्रिटन याने रॉयल एनफिल्ड बुलेटवर १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश सिक्स डेज जिंकली, आणि १९५५ पासून त्याच बुलेटचे काम मद्रासला सुरू झाले. २०१९ मध्ये भारतात 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडीही निघाली, पण १८० किलोंच्या पुढचे ते धूड घेऊन कोणी कातळावर चढणार नाही. बुल्ताको शेर्पा किंवा माँतेसा कोटा या जुन्या स्पॅनिश ट्रायल्स गाड्या सांभाळणाऱ्यांची अडचण मात्र आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ओळखीची वाटेल. त्या गाड्यांच्या टाक्या फायबरग्लासच्या होत्या आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ते फायबर मऊ करते. सुटलेला चिकट थर कार्बोरेटरमध्ये जातो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले. तेव्हापासून काही मालक मूळची टाकी शोभेला भिंतीवर टांगतात आणि चालवायला अॅल्युमिनियमची घडवून घेतात.