वेब अ‍ॅपसाठी व्हेक्टर ग्राफिक्स आणि मार्कअप फॉरमॅटची निवड

व्हेक्टर ग्राफिक्स म्हणजे ठिपके न भरता रेषा, वळणं आणि आकडे सांगून काढलेलं चित्र, आणि मार्कअप म्हणजे ते चित्र किंवा अख्खं पान टॅग लावून लिहायची पद्धत. आज वेब अ‍ॅपसाठी निवड बहुतेक वेळा एसव्हीजी की कॅन्व्हास एवढ्यावरच येते. एसव्हीजी म्हणजे टॅगने लिहिलेलं व्हेक्टर चित्र. कॅन्व्हास खरंतर फॉरमॅट नाहीच, तो जावास्क्रिप्टने रंगवायचा कोरा फळा आहे, पण लोक दोघांना एकाच पंगतीत बसवतात.

१९९८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे असल्या फॉरमॅटचे दोन मोठे प्रस्ताव गेले, अ‍ॅडोबी आणि सोबतच्यांचा पीजीएमएल, मायक्रोसॉफ्ट आणि सोबतच्यांचा व्हीएमएल. दोघांपैकी एकालाही माळ न घालता तिसरंच काढलं, तेच एसव्हीजी, पहिली आवृत्ती ४ सप्टेंबर २००१ ची. पण इंटरनेट एक्सप्लोररला ते प्लगइनशिवाय, म्हणजे ब्राउझरला वेगळी जोड न लावता, कळायला २०११ मध्ये नववी आवृत्ती यावी लागली, आणि मधल्या दहा वर्षांत मैदान फ्लॅश नावाच्या प्लगइनने मारलं. फ्लॅशवर चालणाऱ्या फ्लेक्सचं एमएक्सएमएल, मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचं झॅमल, दोन्ही मार्कअप लिहायला झकास होते, फक्त मालक एक कंपनी आणि चालायला प्लगइन. आयफोनवर फ्लॅश कधी आलंच नाही. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला, सिल्व्हरलाइटचा १२ ऑक्टोबर २०२१ ला, आणि ज्यांनी त्यात अ‍ॅप बांधले होते त्यांना सगळं परत पहिल्यापासून लिहावं लागलं.

आता उदाहरण घ्या. खान्देशचा नकाशा करायचाय, जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, म्हणजे २५ आकार. रावेर नाहीतर यावलवर बोट ठेवलं की केळीचा आजचा भाव दिसला पाहिजे. हे काम डोळे झाकून एसव्हीजीचं, कारण प्रत्येक तालुका हा पानातला वेगळा एलिमेंट, म्हणजे स्वतंत्र टॅग, असतो, त्याला क्लिक लावा, सीएसएसने रंग बदला, ब्राउझर सांभाळतो. कॅन्व्हासवर एकदा रंगवलं की उरतात नुसते पिक्सेल, बोट कुठल्या तालुक्यावर पडलं हा हिशोब तुम्हीच करायचा, शिवाय स्क्रीनच्या डेन्सिटीप्रमाणे कॅन्व्हास मोठा केला नाही तर चांगल्या मोबाइलवरच चित्र धूसर दिसतं. पण तोच नकाशा घेऊन प्रत्येक विहिरीचा एकेक ठिपका टाकायला गेलात, ठिपके हजारोंनी झाले, की एसव्हीजीला धाप लागते, कारण एवढे एलिमेंट ब्राउझरला वागवावे लागतात. तिथे कॅन्व्हास घ्यायचा, आणि लाखांत गेलं तर वेबजीएल, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून रंगवून घ्यायची सोय. दोन्ही एकावर एक ठेवता येतात, खाली कॅन्व्हासचे ठिपके, वर एसव्हीजीच्या सीमा. माझ्या मते सुरुवात एसव्हीजीनेच करावी, अडलं तर बदलावं.

नंदुरबारच्या डोंगरात धडगाव-मोलगीकडे नेट रडतखडत चालतं, तिथे फाइलचं वजन बघावंच लागतं. एसव्हीजी हा शेवटी मजकूरच, जीझिपने (पाठवताना फाइल दाबायची पद्धत) चांगला दबतो, आणि व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राची आतली मापपट्टी, हजाराचा असेल तर दशांशानंतर सहा आकडे ठेवण्यात काही अर्थ नाही, एक पुरतो.

फसवणूक वेगळीच असते. फ्लेक्सचे बॅनर छापणाऱ्या एकाकडून मी लोगो एसव्हीजीत मागितला, त्याने दिला, नावापुढे एसव्हीजी लिहिलेलं, पण मोठा केला तर कडा फाटलेल्या. नोटपॅडमध्ये उघडला तर आत एकही पाथ, म्हणजे रेषेचा टॅग, नाही, इमेजचा एक टॅग आणि पुढे बेस चौसष्टची, म्हणजे फोटो अक्षरांत बदलून लिहिलेली, लांबच लांब अक्षरं, म्हणजे जेपीजीच कोंबलेली! दुसरा घोळ अक्षरांचा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात (ज्यात मराठी अक्षरांना सगळीकडे चालणारे ठरलेले क्रमांक नसतात) टाइप केलेलं मराठी तसंच एक्सपोर्ट केलं तर तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर भलतीच चिन्हं दिसतात. लोगोपुरतं कर्व्ह मारून, म्हणजे अक्षरांच्या रेषा करून, द्यायला सांगा. पण नकाशावरची नावं मात्र युनिकोड टेक्स्टच ठेवा, म्हणजे पानात चोपडा शोधलं तर सापडतं, स्क्रीन रीडरला वाचता येतं, आणि उद्या कोणाला अहिराणीत धुळ्याचं धुये करायचं असेल तर एक शब्द बदलून भागतं.

मार्कअपच्या बाजूने एक गोष्ट नव्या पोरांना हमखास नडते. एचटीएमएल पाचमध्ये एसव्हीजीचा टॅग थेट पानात लिहिता येतो, आणि तिथे ब्राउझर बऱ्याच चुका पोटात घालतो. तोच कोड उचलून वेगळ्या फाइलीत ठेवला की चित्र गायब, कारण ती फाइल कडक एक्सएमएल (एकही चूक न खपवणारं मार्कअप) म्हणून वाचली जाते, एक टॅग बंद करायचा राहिला किंवा वर एक्सएमएलएनएसची, म्हणजे हे एसव्हीजी आहे असं सांगणारी, ओळ नसली की संपलं. आणि त्यात स्क्रिप्टही लिहिता येते, म्हणून लोकांनी अपलोड केलेली एसव्हीजी साफ न करता पानात घालू नये. इमेज टॅगमधून दाखवली तर ती स्क्रिप्ट चालत नाही, पण मग तालुक्यांवरचं क्लिकही चालत नाही.