सीआर पत्र्यावरचं तेल पुसू नका

जून लागला की आमच्या भोसरीच्या दुकानात रोज एक फोन ठरलेला: "शेठ, गंजका पत्रा पाठवलात." म्हणून बिलासोबत हे एक पान.

सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कशासाठी घेतात ते तुम्हाला माहीत आहे. एचआर (हॉट रोल्ड) पत्रा लालबुंद तापवून लाटतात, त्यामुळे त्याच्यावर काळं स्केल, म्हणजे काळा थर, धरतं. ते ॲसिडमध्ये काढून पत्रा थंडच लाटला की सीआर. जाडी सगळीकडे सारखी, अंग गुळगुळीत, म्हणून कपाटाच्या दारावर आणि पॅनलवर पावडर कोटिंग उठून दिसतं. थंड लाटल्याने पत्रा कडक होतो. मिल तो पुन्हा भट्टीत मऊ करते, तेव्हा त्याला सीआरसीए म्हणतात. मऊ न केलेला 'फुल हार्ड' कुठे स्वस्तात मिळाला तर बेंडवर तडकेल, तो आमच्याकडे आणून दाखवू नका. खोल ड्रॉइंगचं, म्हणजे पत्रा साच्यात दाबून खोल आकार काढायचं काम असेल तर डीडी किंवा ईडीडी हे जास्त मऊ ग्रेड आधीच सांगा.

आता मूळ दुखणं. स्केल गेलं म्हणजे लोखंड उघडं पडलं. त्याला राखण फक्त मिलच्या तेलाची. आणि टेम्पो खाली झाला की पोरं पहिलं काम करतात ते कॉटन वेस्टने तेल पुसायचं! हात चिकट होतात, मार्किंग उमटत नाही, कबूल. मग तोच पत्रा फरशीवर, एकावर एक. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल शिरली की ती वाळत नाही, आणि दोन-चार दिवसांत मधोमध तांबडा नकाशा उमटतो. वर तसंच कोटिंग मारलं तर पुढे फुगून पापुद्रे निघतात आणि अख्खं कपाट परत येतं.

तेल आज वापरायच्या पत्र्याचंच पुसा, तेही मार्किंगपुरतं. बाकीचं कोटिंगवाल्याच्या सेव्हन टँकमध्ये, म्हणजे कोटिंगआधी पत्रा धुवायच्या सात टाक्यांत, पहिल्याच टाकीत निघतं. गठ्ठा लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. माल भिजलाच तर पत्रे त्याच दिवशी सुटे करून पुसा आणि नवं तेल फिरवा.

"तेलाचंही वजन लावता," असंही ऐकून झालंय. आठ बाय चारचा १.२ मिमीचा पत्रा साधारण २८ किलो भरतो. त्यावरचं तेल काही ग्रॅम. एवढ्यावर आमचा बंगला होत नाही.

उतरवताना डाग दिसला तर टेम्पो उभा असतानाच फोटो पाठवा, पत्रा बदलून देऊ. पुसलेला पत्रा परत घेत नाही. पावसाळ्यात महिन्याचा माल एकदम उचलायचीही गरज नाही. ऑर्डर एकदा द्या, आम्ही साइजला कापून दोन-तीन खेपांत पोचवतो.

आणि बेस प्लेटला किंवा जाड ब्रॅकेटला सीआर मागू नका. तिथे एचआर चालतो, किलोमागे स्वस्त पडतो, आणि तोही आमच्याकडेच आहे.